मापाची मूठ

जटपुरा गेटच्या कमानीत पुढच्या मोटारसायकलवाल्यानं एकदम ब्रेक मारला. आमचा ऑटो आदळल्यासारखा उभा राहिला आणि माझ्या मांडीवरची पेटी पुढे सरकली. ती खाली जायच्या आत मी दोन्ही हातांनी पकडली, पकडली म्हणजे छातीशीच ओढली, आणि तोंडातून जो शब्द गेला तो कॉलेजातल्या माझ्या एकाही विद्यार्थ्यानं माझ्याकडून कधी ऐकला नसेल. शेजारी पायांत भाजीची पिशवी धरून बसलेल्या बाईंनी आधी माझ्याकडे आणि मग पेटीकडे पाहिलं. "काय हाय वो त्याच्यात? पेटीबाजा?" मी म्हटलं, "पिस्तूल." त्या खळखळून हसल्या. "बापरे! मंग पडू देऊ नोका, माह्या वांग्यायले लागन." ऑटोवालाही आरशातून हसला. कमानीखाली नेहमीप्रमाणे सगळं अडकलेलं होतं, सगळे भोंगे एकदम वाजत होते, आणि मी पेटी छातीशी धरून तशीच बसले होते. आठवडाभर मी आईला, सुनिल सरांना आणि स्वतःला सांगत होते की माझं अजून काही ठरलेलं नाही. आणि इथे हातांनी मला न विचारता उत्तर देऊन टाकलं होतं. पण हातांचं ऐकावं का? हातांना सवय कळते, बरंवाईट कळतंच असं नाही.

पिस्तूल हवेचं आहे, स्पर्धेचं. त्यात बारूद नसते. दाबून भरलेली हवा आणि शिशाची एक एवढीशी गोळी. दहा मीटरवरच्या कागदातल्या काळ्या ठिपक्यापलीकडे त्यानं कुणाचं काही बिघडवलेलं नाही. स्टेडियमजवळच्या हॉलमध्ये सुनिल सर आज माझी वाट पाहत असणार. ते तिथे मुलांना नेमबाजी शिकवतात. कधीकाळी मलाही त्यांनीच शिकवलं. त्यांच्याबरोबर करिश्मा असणार. कुरखेड्यापलीकडच्या जंगलातल्या गावाची मुलगी, इथे वसतिगृहात राहते आणि सध्या जिल्ह्यात तिच्यासारखा हात कुणाचा नाही. आणि पहाटेच्या एसटीनं निघालेले तिचे वडील, मंगरूभाऊ. करिश्माकडे एक जुनं पिस्तूल आहे. दर गोळीला बाजूचा दांडा ओढून त्यात हवा भरावी लागते. साठ गोळ्यांची स्पर्धा म्हणजे साठ वेळा दांडा. शेवटच्या वीस गोळ्यांना तिचा खांदा थरथरतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. माझ्या पिस्तुलात नळकांडं भरलं की झालं. सरांनी मला आधी विचारलं, तुम्ही आता खेळत नाही, तिला देऊन टाकता का? मी दोन दिवस मागून घेतले. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. "मॅडम, तिचा बाप नाही म्हणतो. फुकट नाई घेत म्हणे. आमचं पिस्तूल घ्या, तुमचं द्या, असं म्हणते." तेव्हापासून हा प्रश्न माझ्याबरोबर जेवायला बसत होता. माझं द्यायचं आणि त्याच्या जागी ते जुनं, दुसऱ्याच्या हातून उतरलेलं घरात आणायचं.

आईला सांगितलं तेव्हा ती गॅलरीत बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "उतरलेलं घरात आणशील?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, अगं अदलाबदल आहे, दान नाही. "मले काय सांगतं? मले समजते. तुह्या बापाले सांग." बाबांचा फोटो समोरच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपासून जरा अंतर ठेवून लावला आहे. अंतर आईनं ठरवलं. लगेच त्या रांगेत बसवलं तर म्हातारा लाजेल, असं तिचं म्हणणं. ती अजूनही त्यांच्याबद्दल असंच बोलते, ते बाजारात गेले असून येतीलच, अशा थाटात.

'उतरलेलं' हा आमच्या घरातला सर्वांत जड शब्द. इतर घरांत शिव्या असतात, आमच्याकडे हा एक शब्द होता. छप्पन साली चांद्याला दीक्षा घेऊन आजोबा मूलजवळच्या आपल्या गावी परतले, तेव्हा त्यांनी सगळ्यांत आधी मालगुजाराचा जुना कोट परत नेऊन दिला होता. दोन हिवाळे वापरलेला. आधी तो नदीवर नेऊन धुतला, वाळवला, तुटलेल्या गुंडीच्या जागी नवी गुंडी लावली, घडी घातली आणि वाड्याच्या ओट्यावर नेऊन ठेवला. मालगुजार म्हणाला, अरे थंडीचे दिवस आहेत, राहू दे. आजोबा म्हणाले, थंडी माही माह्यापाशी राहू द्या. तो हिवाळा त्यांनी घोंगडीवर काढला. त्यानंतर आमच्या घरात दुसऱ्याच्या अंगावरचं, पायातलं, ताटातलं काहीही आलं नाही. लहानपणी अहेरीच्या शाळेत मैत्रिणी एकमेकींची जुनी पुस्तकं घेत, अर्ध्या किमतीत. मी घेतली नाहीत. बाबा नवी आणत, जूनमध्ये नाही जमली तर ऑगस्टमध्ये, आणि तोवर मी वर्गात ऐकून पाठ करत असे. याचा मला राग आला नाही, असं नाही. पण ऑगस्टमध्ये ते पुस्तक हातात आलं की त्याच्या पहिल्या पानावर फक्त माझं नाव असे, आणि त्या पानाचा वास मला आजही कुठल्याही ग्रंथालयात शिरले की आधी शोधावासा वाटतो. पुढे मी पुष्कळ वाचलं, सहा हजार पुस्तकांच्या ग्रंथालयात नोकरी केली, मग शिकवायला लागले. पुस्तकांतले बाप बहुतेक काहीतरी न सांगता मरतात. माझ्या बापानं सगळं सांगून टाकलेलं होतं. फक्त त्यातलं बरंचसं लाकडाबद्दल होतं.

बाबा, बापूराव मिस्त्री, अहेरीकडच्या सरकारी आरागिरणीत सुतार होते. तिथली हत्यारं सरकारी, एकाच साच्यातली. नवा वाकस, नवी पटाशी हातात आली की बाबा दिवसभर कामाला हात लावत नसत. आधी तिचा दांडा तासून आपल्या हाताचा करत. एकदा एक साहेब आले आणि ओरडले, ही सरकारी मालमत्ता आहे, तुम्ही तिला कापता कसे? बाबा उभे राहिले, पण हातातली कानस त्यांनी ठेवली नाही. "साहेब, पातं सरकारचं हाय. हात माहा हाय." ही गोष्ट आरागिरणीत वीस वर्षं सांगितली जात होती. मी ती बाबांकडून एकदाही ऐकली नाही. दुसऱ्यांकडून अनेकदा ऐकली. बाबांना वाटे, यात सांगण्यासारखं काय आहे. माणसानं हत्याराप्रमाणे वाकायचं की हत्यारानं माणसाप्रमाणे, एवढाच तर प्रश्न. आपल्या लोकांनी खूप वाकून पाहिलं, ते म्हणत, आता जरा लाकडाले वाकू दे.

मला कॉलेजात शिकवायची नोकरी लागली त्या वर्षी त्यांनी माझ्यासाठी हे पिस्तूल घेतलं. कॉलेजात एनसीसीच्या रायफलपासून सुरू झालेलं माझं वेड त्यांनी कधी हसण्यावारी नेलं नाही. मी नको म्हणत होते, कारण मी तोवर सत्ताविशी ओलांडली होती आणि आपण कुठवर जाणार हे मला साधारण कळून चुकलं होतं. पेटी उघडली तेव्हा त्यांनी नळी पाहिली नाही, घोडा पाहिला नाही. मूठ हातात घेऊन म्हणाले, "हे कोनाच्या हाताचं हाय?" सर म्हणाले, कंपनी तीन मापांत देते, लहान, मध्यम, मोठं. बाबांना हे इतकं विनोदी वाटलं की ते घरी येईपर्यंत मधूनमधून हसत होते. "जगात तीनच हात हायेत म्हणे." त्या हिवाळ्यात त्यांनी मूळची मूठ उतरवून ठेवली आणि नवी कोरली. नियमाची पुस्तिका मी त्यांना वाचून दाखवली. मुठीनं हाताला वेढा घालू नये, मनगटाला टेकू देऊ नये, अंगठा मोकळा उचलता आला पाहिजे. त्यांनी एकेक नियम दोनदा ऐकला. शेवटी म्हणाले, "मनगट ज्याचं त्यानं सांभाळावं. बरं लिवलं हाय." नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ते काम चाललं. मी राज्यात सहावी आले. त्यापुढे कधी गेले नाही. इथे आमच्या बाबूपेठेत त्यांनी घराघरांत सांगितलं, आमची रोशनी सहावी आली. आणि कुणी विचारलं, पहिली कोण, तर म्हणत, असन कोनी, मी कायले इचारू.

या उन्हाळ्यात बाबा गेले. त्यानंतर मी पिस्तूल एकदाच बाहेर काढलं. पावसाळ्यातली एक दुपार होती, आई झोपली होती. मुठीत हात गेला आणि मी तो लगेच काढून घेतला. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. ते इतकं बरोबर होतं की सहन झालं नाही. करंगळीच्या टोकाला जेवढी जागा लागते तेवढीच जागा, तळहाताची गादी जिथे संपते तिथेच लाकूड संपलेलं. मला माझा हात एवढा माहीत नाही. लहानपणी तापात ते माझा हात धरून बसत, ते आठवण्याची गरजच पडू नये असं ते लाकूड होतं. मी पेटी बंद केली. हल्ली लोक मला विचारतात, सावरलीस ना? मी हो म्हणते. घरात एक पेटी आहे जी मी उघडत नाही, हे सांगण्यासारखं नसतं. आणि मग वाटू लागलं, ही पेटी न उघडता वर्षानुवर्षं अशीच राहील, आणि लाकूड आतल्या आत सुकत, तडकत जाईल. बाबांनी न वापरता ठेवलेलं एकही हत्यार मला आठवत नाही.

यावरही तोड होतीच. सुनिल सर म्हणाले होते, "मॅडम, साधं काम आहे. एक स्क्रू काढला की मूठ वेगळी. तिला कंपनीची लावून देऊ. तुमची आठवण तुमच्यापाशी." मी त्या संध्याकाळी हलकी होऊन घरी आले. आईनं सीताफळ फोडून समोर ठेवलं होतं. मी सांगितलं. ती बराच वेळ बिया थुंकत राहिली. मग म्हणाली, "गर खाऊन टाकाचा अन् साल त्या पोरीले द्याची." मी म्हटलं, आई, तसं नाही. "मंग कसं हाय? तू शिकलेली हायेस, तूच सांग." ते तसंच होतं. चांगलं काढून घेऊन उरलेलं देणं, यालाच तर आमच्या घरात तो शब्द होता. आम्ही तो घेणाऱ्याच्या बाजूनं शिकलो होतो. देणाऱ्याच्या बाजूनं तो असा, इतका निरागस, एका स्क्रूएवढा असतो, हे मला माहीत नव्हतं. द्यायचं तर अख्खं द्यायचं. आणि अख्खं दिलं की करिश्माच्या हातासाठी ती मूठ कापावी लागणार. माझा हात छोटा, निमुळता, तिचा रुंद. म्हणजे बाबांनी चार महिने जपून कोरलेलं लाकूड कुणीतरी खरवडणार. इतकं करून बदल्यात घरी काय येणार, तर ज्याला आजोबांनी नवी गुंडी लावून परत केलं असतं ते.

जटपुऱ्याबाहेर ऑटो सुटला. वांगीवाल्या बाई उतरताना म्हणाल्या, "सांभाळून जा माय." स्टेडियमजवळ मी उतरले तोवर मी एक वाक्य तयार केलं होतं. मंगरूभाऊ उभे राहतील, हात जोडतील, आणि मी म्हणेन, बसा भाऊ, बसा, यात उपकार काही नाही. त्या वाक्यानं मला थोडं बळ आलं होतं. देण्याची एक ऐट असते. ती कुणाला दिसली नाही तरी पाठीचा कणा सरळ करते.

मंगरूभाऊ उभे राहिले नाहीत. हॉलच्या दाराशी चपला काढून ते आत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर नव्या कोऱ्या दुपट्ट्यात गुंडाळलेलं पिस्तूल. काटक, पिकल्या मिशांचा माणूस. बाजूला करिश्मा, तिच्यामागे सुनिल सर. मंगरूभाऊंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मुलीला विचारलं, "ह्याच काय त्या?" मग मला म्हणाले, "बसा मॅडम, बसा." माझंच वाक्य. मी बसले.

"दाखवा."

मी पेटी उघडली. ते पुढे वाकले, पिस्तुलाला हात न लावता या बाजूनं त्या बाजूनं पाहिलं. "नवंच दिसते," ते म्हणाले. बाजारात एखाद्यानं वांग्याला 'बियाळ दिसते' म्हणावं, तसं.

"दहा वर्षं झाली," मी म्हटलं.

"काय मारलं यानं?"

"म्हणजे?"

"बा, असं नाई इचारत," करिश्मा कुजबुजली.

"काऊन नाई? बैल घेताना दात पाहत नाई का आपन?" ते पुन्हा माझ्याकडे वळले. "काई बिल्ला-गिल्ला?"

"राज्यात सहावा क्रमांक," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो आकडा मला मोठा वाटला, म्हणजे एकापासून लांब.

त्यांनी दुपट्टा सोडला. आतलं पिस्तूल काळवंडलेलं, मुठीवरचा रंग गेलेला, दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. "ह्यानं गडचिरोली मारली. नागपूर मारलं. पुण्याले दुसरा नंबर. चांदीचा बिल्ला हाय घरी. एका मास्तराले बैल देऊन घेतलं म्या हे. लाल्या होता माहा. एका बैलावर तीन सालं भावासंग नांगर धरला. लागलेलं हत्यार हाय मॅडम. माहा बाप म्हणे, शिकार लागलेली तीरकमान बदलू नये."

"मग बदलता कशाला?" माझा आवाज मला वाटला त्याहून धारदार निघाला.

"पोरगी म्हणते म्हणून. खांदा जाते तिचा. नाई तं कोन येते?"

"मंगरूभाऊ," सुनिल सर मध्ये पडले, "मॅडम तर फुकट देत होत्या. तुम्हीच नाही म्हटलं."

"तेच तं! फुकट कोन देते? खोट असन तेवाच देते ना. म्हटलं, बदली करतो म्हणा, मंग ते बाई खरं काय ते बोलन." करिश्मानं ओढणीत तोंड लपवलं. ती हसत होती की शरमत होती, कळेना. "आता लागलेलं देऊन न लागलेलं घ्याचं. तं वरून काय देता, बोला."

आठवडाभर मी या माणसाला माझ्या घरातली माणसं बहाल केली होती. फुकट नको म्हणाला, म्हणून त्याला आजोबांचा कोट चढवला होता, आणि त्याच्या स्वाभिमानाला धक्का लागू नये म्हणून स्वतःच्या काळजाचा केवढा हिशोब मांडला होता. आणि तो तिकडे कुरखेड्याच्या एसटीत बसून विचार करत होता की ही बाई आपल्या गळ्यात काय मारते आहे. जुनं म्हणजे उतरलेलं, एवढंच मला शिकवलेलं होतं. जुनं म्हणजे कमावलेलं, हे आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं. आजोबांना तसलं काही कुणी देऊच केलं नव्हतं, तर त्यांना शब्द कुठून सुचणार. समोरच्या दुपट्ट्यावर ते काळवंडलेलं पिस्तूल पडलं होतं, आणि मला दिसलं की तो माणूस ते देताना खरोखर कचरतो आहे. हात पुढे करतो आणि अर्ध्यावर थांबतो. मघा गेटखाली पेटी कवटाळून बसलेली मीच तर ती. उन्हाळ्यापासून माझ्यात जे काही बसकण मारून होतं ते उठून उभं राहिलं. तो राग नव्हता. शनिवारच्या बाजारात आई भाजीवाल्यासमोर उभी राहताना पदर खोचते, तसं काहीतरी होतं.

"पिस्तूल राहू द्या बाजूला," मी म्हटलं. "मूठ पाहा."

"पाहिली."

"पाहिली नाही. हात लावा. कंपनीची नाही ती. बिजाच्या लाकडाची आहे. एका ओंडक्यातून, मधला पक्का गाभा. बाबा असल्या कामाला सागाला शिवत नाहीत. म्हणतात, साग दिसायले राजा, पण घाम आला की निसटते. चार महिने लागले. माझ्या तळहाताला कपड्याची नीळ फासायचे आणि म्हणायचे, धर. मी धरायची. सोडली की लाकडावर जिथं निळं उमटलं तिथं ते टोचतंय. तेवढंच कानशीनं घ्यायचे. पुन्हा नीळ, पुन्हा धर. वर्गात मी निळा हात घेऊन शिकवत होते, पोरं विचारायची, मॅडम, कोणता मोर्चा होता? असं किती वेळा. शेवटी एक दिवस सगळ्या मुठीवर सारखा निळा रंग बसला. कुठंच जास्त नाही, कुठंच कमी नाही. त्या दिवशी ते म्हणाले, झाली. नियमाच्या तपासणीत मोठमोठ्या अकादमीच्या पोरांच्या मुठी नाकारल्या, ही एकदाही नाकारली नाही. पंच उलटीसुलटी करून विचारतात, कुठल्या देशातून मागवली. मी सांगते, बाबूपेठेतून. तुमच्या पिस्तुलानं बिल्ला मारला, खरं आहे. पण अशी मूठ अख्ख्या विदर्भात दाखवा मंगरूभाऊ. माह्या बापानं केली ते. माह्या बापासारखा हात नाई कोनाचा."

बोलता बोलता माझी भाषा कधी घरची झाली, मला कळलं नाही. हॉलमध्ये मी आतापर्यंत एवढ्या मोठ्यानं बोलले नव्हते. सगळा उन्हाळा आणि पावसाळा लोक मला बाबांबद्दल सांगत होते, आणि मी मान हलवत होते. त्यांच्याबद्दल मी काही बोलले ते हे पहिलंच, तेही भाव करताना.

मंगरूभाऊंनी पिस्तूल उचललं. स्वतःचा हात मुठीत घालून पाहिला, शिरला नाही. मग लाकूड नाकाशी नेलं. बोटाच्या पेरानं कड तपासली, खालून वर, वरून खाली.

"बिजाच हाय," ते म्हणाले. "कारागीर हाय तुमचा बाप."

"हाय," मी म्हटलं.

"मंग बराबरी झाली. वरून मले काई नाई पाहिजे. एकच करा. बापाले सांगा तुमच्या, हे माह्या पोरीच्या हाताचं करून द्या म्हना. लागन तं मी चार दिवस तिले घरी पाठवतो तुमच्या. झाला सौदा."

"बा," करिश्मा म्हणाली. तिला माहीत होतं. सुनिल सर समोरच्या भिंतीवरच्या कागदी निशाणांकडे पाहू लागले.

"ते गेले," मी म्हटलं. "उन्हाळ्यात."

मंगरूभाऊंनी पिस्तूल हळूच पेटीत ठेवलं. "तुमी तं म्हणे हाय."

"म्हटलं खरं."

त्यांनी दुपट्ट्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. बाहेर मैदानावर मुलं कबड्डीचा दम धरत होती, तो लांबलेला आवाज आत येत होता. मग ते एकदम बदललेल्या, मऊ आवाजात म्हणाले, "मंग राहू द्या मॅडम. वरचं राहू द्या. हाय तसंच घेतो. पोरगी करन आपला हात बराबर. नाई का ओ करिश्मा?"

ती मान हलवणारच होती. तो आवाज मी ओळखत होते. बाबा गेल्यापासून दाराशी येणारे सगळे तो घेऊन येतात. त्या माणसानं एवढा वेळ एक दमडीची दया न दाखवता मला बसवून ठेवलं होतं, माझा सहावा नंबर माझ्या तोंडावर मोजला होता, आणि इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा बरं वाटलं होतं. आता तो माझ्या बापाच्या मरणाची सूट देत होता.

"नाई," मी म्हटलं. "सौदा ठरला तसाच. हिच्या हाताची मूठ करून मिळेल. कमी करू नका."

"पर करन कोन?"

"मी."

"तुमाले येते?"

"बापूराव मिस्त्रीची पोरगी हाय मी. येते का काय इचारता."

ते मिशीतल्या मिशीत हसले. "पक्की हाय बाई. मंग चांगलं करजा. माहा लाल्या गेला त्याच्यात." त्यांनी आपलं पिस्तूल दुपट्ट्यासकट उचललं आणि माझ्या दोन्ही हातांत दिलं. मला वाटलं होतं त्याहून ते जड होतं. दांड्यावरची ट्यूबची पट्टी तिच्या हाताच्या घामानं गुळगुळीत झाली होती. मी ते खाली ठेवलं नाही, माझ्या कॉलेजच्या मोठ्या पिशवीत, वहीच्या आणि चष्म्याच्या शेजारी ठेवलं, पूर्ण गुंडाळून.

पेटीच्या तळाशी बाबांची छोटी अर्धगोल कानस अजून होती, ती मी काढली. मी खिडकीशी टेबल ओढलं. "धर," मी करिश्माला म्हटलं. तिनं मूठ धरली. रुंद, लांब बोटांचा हात, अंगठ्याच्या बुडाशी मोहाच्या टोपल्या वाहून आलेला घट्टा. "कुठं?" "इथी," ती म्हणाली, "अंगठ्याखाली गच्च होते. अन् इथी थोडं." मी त्या जागेवर बोट ठेवलं. तिथला खोलगा सगळ्यात शेवटी झाला होता, फेब्रुवारीत. मी कानस लावली. लाकूड आधी नुसतंच करकरलं, काही सुटलं नाही. मग मी दाब वाढवला आणि बिजाचा पिवळसर भुसा टेबलावर पडला. पुन्हा धर म्हटलं. तिनं धरली. पुन्हा घेतलं. मंगरूभाऊ खुर्ची पुढे ओढत ओढत अगदी माझ्या खांद्यापाशी आले होते आणि श्वास रोखून पाहत होते.

"जास्त घेऊ नोका," ते म्हणाले. "गेलेलं लाकूड वापस येत नाई."

"तुमी बाजूले सरका," मी म्हटलं. "उजेड अडवून राह्यले."

त्यांनी खुर्ची मागे घेतली.